तेहिल्लीम : हिब्रू स्तोत्रांतील स्तुती व भाव

हिब्रू बायबलमधील १५० पवित्र गीतांच्या संग्रहाला ज्यू परंपरेत ‘तेहिल्लीम’, म्हणजे ‘स्तवने’, असे नाव आहे. मराठी बायबलमध्ये तो ‘स्तोत्रसंहिता’ म्हणून ओळखला जातो. नावावरून हा केवळ स्तुतीचा संग्रह असावा असे वाटते, परंतु त्यातील सर्वांत मोठा गट विलापगीतांचा आहे. आजाराने, खोट्या आरोपांनी, शत्रूंच्या छळाने आणि देवाच्या मौनाने गांजलेली माणसे येथे बोलतात, आणि तरीही परंपरेने या साऱ्याला स्तवनच म्हटले आहे. त्याचे कारण स्तुती आणि भाव, म्हणजे देवावरचा भरवसा, यांच्या नात्यात सापडते.

देवावर भिस्त ठेवून निर्धास्त होणे, या अर्थाने स्तोत्रांत ‘बाताख’ हे क्रियापद वारंवार येते. मराठी अनुवादकांनी त्यासाठी योजलेला ‘भाव ठेवणे’ हा शब्दप्रयोग फार नेमका आहे, कारण त्यात बौद्धिक मान्यतेपेक्षा जिव्हाळ्याचे नाते अधिक व्यक्त होते. या भावाचा आधार म्हणजे देवाचे ‘हेसेद’, अर्थात दिलेल्या वचनाला जागणारी अढळ दया. स्तुतीसाठीचा ‘हलल’ हा धातू ‘हल्लेलूया’ (याहची, म्हणजे देवाची, स्तुती करा) या शब्दामुळे जगभर पोहोचला.

१३वे स्तोत्र अवघ्या काही ओळींचे आहे. ‘कोठवर?’ हा प्रश्न त्यात आरंभीच चार वेळा येतो. त्यानंतर एक विनवणी, आणि मग एकाएकी ‘मी तर तुझ्या हेसेदवर भाव ठेवला आहे’ असे म्हणून गायक गाऊ लागतो. संकट टळल्याचा उल्लेख कोठेही नाही. या अचानक वळणाचा उलगडा करताना योआखिम बेगरिख या जर्मन अभ्यासकाने १९३४ मध्ये असे सुचवले की, विलाप आणि स्तुती यांच्या मधल्या क्षणी मंदिरातील याजक देवाच्या नावाने अभयवचन देत असावा. ही उपपत्ती आकर्षक असली, तरी स्तोत्रांच्या पाठात असे वचन क्वचितच आढळते. अधिक भक्कम पुरावा स्तोत्रांतच आहे, आणि तो स्मरणाचा आहे. ‘माझ्या देवा, तू मला का सोडलेस?’ या आक्रोशाने सुरू होणारे २२वे स्तोत्र लगेच पूर्वजांकडे वळते : त्यांनी तुझ्यावर भाव ठेवला आणि तू त्यांना सोडवलेस. तेथे ‘बाताख’ लागोपाठ तीन वेळा येते. पूर्वी घडलेल्या सुटकेचे वर्णन ही स्तुती, आणि त्याच आठवणीवर आजच्या अंधारात टेकणे हा भाव. म्हणून एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. ८८वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. त्यात सांत्वनाची ओळ नाही, तरी ते देवालाच उद्देशून आहे, आणि संकलकांनी ते तसेच जपले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण आहे.

या काव्याची घडण मुख्यतः अर्थाच्या समांतर ओळींवर, म्हणजे एका ओळीतील आशय पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांत मांडण्यावर, उभी आहे. रॉबर्ट लोथ या इंग्रज अभ्यासकाने १७५३ च्या आपल्या ग्रंथात तिचे पद्धतशीर विवेचन केले. १३६व्या स्तोत्रात प्रत्येक कडव्यानंतर ‘कारण त्याचे हेसेद सर्वकाळ टिकते’ हे ध्रुपद एकूण २६ वेळा येते. सृष्टीची निर्मिती, मिसरमधून (इजिप्तमधून) सुटका आणि रोजचे अन्न ही सारी एकाच ध्रुपदात ओवली जातात. शेवटच्या, १५०व्या स्तोत्रात शिंग, वीणा, डफ, बासरी, झांजा यांसह श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला स्तुतीचे आवाहन आहे.

यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिरात मंदिरसेवा करणाऱ्या लेवी वंशातील गायक आठवड्याच्या प्रत्येक दिवशी ठरलेले स्तोत्र गात, असे मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा प्राचीन संग्रह सांगतो. इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर स्तोत्रे सभास्थानाच्या आणि घराच्या प्रार्थनेत राहिली. ११३ ते ११८ ही ‘हल्लेल’ स्तोत्रे वल्हांडणासारख्या (मिसरमधील सुटकेच्या स्मरणाच्या) सणांना म्हटली जातात. १४५वे स्तोत्र रोजच्या प्रार्थनेत तीनदा येते. त्याच्या ओळी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात, पण प्रचलित पाठात ‘नून’ अक्षराची ओळ नाही. इस्राएलच्या पतनाचे एक भविष्यवचन ‘नून’ने सुरू होते म्हणून ती गाळली, असे स्पष्टीकरण ताल्मुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे; पुढचीच ओळ पडणाऱ्यांना सावरणाऱ्या देवाची आहे, याकडेही तेथे लक्ष वेधले आहे. मृत समुद्राजवळ कुमरानच्या ११व्या गुहेत १९५६ मध्ये मिळालेल्या गुंडाळीत मात्र ‘नून’ची ओळ आहे, आणि तिचा पहिला शब्द ‘नेएमान’, म्हणजे ‘विश्वासू’, असा आहे.

मराठीत ही स्तोत्रे ख्रिस्ती उपासनेतून आणि कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या प्रार्थनापुस्तकांतून आली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेल्या संपूर्ण बायबलच्या अनुवादातही ती आहेत. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात गढलेल्या होत्या.