कपड्याच्या डिझाइनची नोंदणी: आधी अर्ज, मग फोटो

येवल्याचा पैठणी विणकर असो की नाशिकच्या कॉलेज रोडवरची बुटीकवाली, डिझाइन नोंदवायला निघालेले बरेच जण एकाच जागी अडतात: नमुना आधीच सगळ्यांना दाखवून झालेला असतो. डिझाइन कायदा २०००, कलम ४. अर्जाच्या तारखेआधी भारतात किंवा परदेशात कुठेही, छापून, वापरून वा अन्य कोणत्याही मार्गाने उघड झालेलं डिझाइन नोंदवता येत नाही. इन्स्टाग्रामवरचा फोटो, गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेला कॅटलॉग, दुकानात मांडलेला माल, सगळं यात येतं. ‘पण फोटो मीच टाकला होता’ हे उत्तर चालत नाही. कोणी टाकला हे कायदा पाहत नाही, कधी टाकला हे पाहतो.

प्रदर्शनानंतर सहा महिने मिळतात, असं ऐकून बरेच जण निवांत राहतात. ही सवलत केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे, आणि तीही डिझाइन नोंदणी पाहणाऱ्या नियंत्रकांना (कंट्रोलर) आधी सूचना दिली असेल तरच. नाशिकच्या डोंगरे वसतिगृह मैदानावर स्टॉल लावला म्हणून ती आपोआप लागू होत नाही.

विणकरांच्या कामाची एक तरतूद मात्र कोणी सांगत नाही. कापडावरच्या नव्या नक्षीची पहिली ऑर्डर गोपनीय म्हणून घेतली, तर कलम १६ प्रमाणे ते डिझाइन उघड झालं असं धरत नाहीत. व्यापाऱ्याला नमुना दाखवण्याआधी गोपनीयतेचं दोन ओळींचं पत्र सहीनिशी घ्या. ओळखीचा माणूस आहे म्हणून संकोच करू नका.

आता नोंदवता काय येतं? आकार, नक्षी, सजावट, रेषा-रंगांची मांडणी, म्हणजे तयार वस्तूत डोळ्यांना दिसतं ते. शिवण्याची किंवा विणण्याची पद्धत नाही. असावली, बांगडी मोर, नारळी काठ हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, ते कोणा एकाच्या नावावर होणार नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे खरं, पण त्याने पैठणी हे नाव राखलं जातं. तुम्ही नव्याने बसवलेला पदर त्यात सुरक्षित होत नाही.

‘चित्र मी काढलं, कॉपीराइट माझाच’ हा भरवसा तर फार महागात पडतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या डिझाइनचे औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त नग निघाले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात फॅशन डिझायनर रितू कुमार यांची कंपनी बिबा या कपड्यांच्या ब्रँडविरुद्धचा दावा याच मुद्द्यावर हरली. एवढ्या मोठ्या नावाला जे सुटलं नाही, ते आपल्याला कसं सुटेल?

अर्ज फॉर्म १ वर, ऑनलाइन किंवा मुंबईच्या पेटंट कार्यालयात. एका डिझाइनला एक अर्ज. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असल्यास शुल्क १,००० रुपये, इतरांना ४,०००. स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्याला उद्यम प्रमाणपत्र लागत नाही. ते लघुउद्योग म्हणून सवलत मागणाऱ्या फर्मसाठी आहे. त्या कागदापायी अर्ज लांबवू नका.

खरोखर हाताशी नसतो तो कागद वेगळाच असतो. नक्षी कारागिराने किंवा बाहेरच्या डिझायनरने काढलेली असते, पैसे हातात दिलेले असतात आणि लेखी काहीच नसतं. मोबदला देऊन काढून घेतलेल्या डिझाइनचा मालक काढून घेणारा, असं कायदा म्हणतो. पण वाद निघाला की पुरावा लागतो. काम देतानाच करारपत्र करा, रक्कम बँकेतून द्या.

फोटोंतही खूप अर्ज अडतात. साध्या पार्श्वभूमीवर पुढून, मागून, बाजूने. सगळ्यांत तोच कपडा, तोच रंग. ब्रँडचं लेबल दिसू देऊ नका. नवेपणा कशात आहे हे एका वाक्यात लिहायचं असतं. नवी फक्त नक्षी असेल तर आकारावर हक्क सांगू नका. आणि हे सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत. आयुष्य मागावर घालवलेल्या माणसाला स्वतःच्या डिझाइनबद्दल मराठीत अर्ज करता येऊ नये, याचा राग येतो. तपासणी कोलकात्याहून होते, तिथून येणारं त्रुटीपत्रही तसल्याच कचेरीच्या भाषेत.

त्या पत्रातल्या त्रुटी दूर करण्याची मुदत बहुतेक जण चुकीची मोजतात. पत्र हाती पडल्यापासून सहा महिने नव्हेत, अर्जाच्या तारखेपासून सहा महिने. पत्र उशिरा आलं तर तेवढे दिवस तुमचेच गेले. आणखी तीन महिने मागता येतात, पण सहा महिने संपण्याआधी मागावे लागतात. नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. एजंट नेमला असेल तर ईमेल त्याच्याकडे जातो, म्हणून दर आठवड्याला पोर्टलवर स्वतः स्थिती पाहा.

नोंदणीनंतर कोणी नक्कल केली, तर प्रत्येक उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत वसूल करता येतात, पण एका डिझाइनमागे एकूण ५०,००० च्या वर नाही. त्याऐवजी मनाईहुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा करता येतो, तो जिल्हा न्यायालयात किंवा त्यावर. समोरच्याने तुमची नोंदणीच रद्द ठरते असा बचाव घेतला, तर प्रकरण उच्च न्यायालयात जातं. वकील ठरवताना हे विचारून घ्या.

संरक्षण दहा वर्षांचं, पुढे फॉर्म ३ भरून आणखी पाच. या मुदतवाढीचं शुल्क दहा वर्षं संपायच्या आत भरायचं. राहून गेलं तर एक वर्षाच्या आत पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो, त्यानंतर नाही.