परदेशी पाहुणा, पण कोणत्या रकान्यातला? बडोद्यातल्या व्हिसा-मदतीची पार्श्वभूमी

भारतीय व्हिसाच्या यादीत पर्यटन आहे, व्यवसाय आहे, नोकरी, शिक्षण, संशोधन, परिषद, वैद्यकीय उपचार, पत्रकारिता असं सगळं आहे. ‘व्हिजिटिंग सायंटिस्ट’ मात्र कुठेच नाही. दोन व्याख्यानं, तीन आठवडे प्रयोगशाळेत काम, मध्ये एखादी परिषद आणि जाताजाता चांपानेर बघून परत, असा ज्याचा कार्यक्रम आहे त्याला कुठे बसवायचं? बडोद्यातल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत परदेशी पाहुण्यांसाठी मदत कक्षाची गरज पडली ती या प्रश्नामुळे. पोलीस ऑफिसच्या फेऱ्या हे त्या कक्षाचं लोकांना दिसणारं काम. खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, निमंत्रणपत्रात कोणता शब्द लिहायचा हे ठरवताना.

बडोद्याला परदेशी जाणकार काही नवे नाहीत. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथालयांची घडी बसवायला अमेरिकेतून माणूस आणला. त्याआधीच बागांचं काम एका जर्मन उद्यानतज्ज्ञाकडे होतं. संस्थानाच्या नोकरीत असा माणूस घ्यायचा तर इंग्रज सरकारची संमती मिळते का, एवढीच चिंता असे. हाच उद्यानतज्ज्ञ पुढे म्हैसूर संस्थानात गेला आणि दुसऱ्या महायुद्धात केवळ जर्मन म्हणून नजरकैदेत पडला. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा १९३९चा, म्हणजे युद्ध तोंडावर आलेलं असतानाचा; परदेशी नागरिक कायदा १९४६चा. संशयाच्या दिवसांत बांधलेली ही चौकट स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही तिच्यातूनच ये-जा करू लागले.

पुढची बरीच वर्षं संस्थांमध्ये यासाठी वेगळं माणूस नसायचं. परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कारकुनाकडेच शास्त्रज्ञांचे कागद जायचे. १९९२च्या नोंदणी नियमांनी दोन आकडे या कामात कायमचे बसवले. पाहुणा उतरला की राहायला जागा देणाऱ्याने चोवीस तासांत ‘फॉर्म सी’ म्हणजे त्याची माहिती भरायची, आणि व्हिसावर तसा शेरा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. या १४ दिवसांनी किती जणांची झोप उडवली आहे ते मी पाहिलं आहे. मी अशा मदत कक्षात कामाला लागले त्याच्या दुसऱ्याच हिवाळ्यातली गोष्ट. एक संशोधक बाई ३ जानेवारीला मुंबईत उतरल्या, पुण्यात हस्तलिखितं बघत राहिल्या आणि १२ तारखेला बडोद्यात आल्या. त्यांच्या हिशेबाने १४ दिवस बडोद्यापासून सुरू होणार होते. मोजणी मात्र विमानतळावर शिक्का बसला त्या दिवसापासून होते. समोर १४ तारखेचं उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, १५ची वासी उत्तरायण, सगळं गाव गच्चीवर. त्यात नोंदणीचे कागदही अडलेले: घरमालकाचं लाइट बिल घरमालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होतं, भाडेकरार नोटरी केलेला नव्हता, आणि फोटोंची मागची बाजू पांढरीऐवजी निळी होती. प्रतापगंजमधल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने १३ तारखेच्या रात्री, पतंगांचा मांजा गुंडाळता गुंडाळता, दुकान उघडून फोटो काढून दिले. नोंदणी १६ला झाली, शेवटच्या दिवशी.

या सगळ्याला वेगळंच वळण लागलं ते २००९-१० मध्ये, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आजचे बरेचसे गुंते तिथूनच आलेत. २००९ मध्ये असं लक्षात आलं की मोठ्या प्रकल्पांवर परदेशी मजूर आणि कारागीर व्यवसाय व्हिसावर येऊन प्रत्यक्षात नोकरी करताहेत. सरकारने व्यवसाय आणि नोकरी यांच्यातली रेघ पक्की केली. पाठोपाठ २०१० मध्ये नोकरी व्हिसासाठी पगाराची किमान मर्यादा आली, वर्षाला २५,००० डॉलर. जे काम इथला माणूस करू शकतो त्यासाठी बाहेरचा स्वस्त माणूस येऊ नये हा हेतू, आणि त्यात गैर काही नाही. पण ही मोजपट्टी बांधकामाच्या साइटवरून उचलून जशीच्या तशी प्रयोगशाळेत लावली गेली. आपल्याकडच्या फेलोशिपचे आकडे ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करायला आलेला रसायनशास्त्रज्ञ त्या रकमेच्या आसपासही नव्हता.

सवलत कोणाला होती ते बघा. परदेशी खाद्यपदार्थ करणारे त्या देशाचे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक, दुभाषे, दूतावासांचे कर्मचारी. म्हणजे बडोद्यात फ्रेंच शिकवायला येणाऱ्याला पगाराची अट नाही, आणि फ्रान्सहून पॉलिमरवर काम करायला येणाऱ्याला आहे. पुढे ही रक्कम रुपयांत लिहिली जाऊ लागली, १६.२५ लाख, डॉलरला ६५ रुपये धरून केलेला तो सरळ गुणाकार आहे. असिस्टंट प्रोफेसर किंवा त्याच्या वरच्या जागेवर शिकवायला येणाऱ्यांसाठी ती ९.१० लाखांवर आणली, पण फक्त केंद्रीय उच्चशिक्षण संस्थांसाठी. आपल्या गावात याचा अर्थ असा झाला, की लालबागेत २०२२ पासून जे केंद्रीय विद्यापीठ आहे त्याला सवलत आणि राज्याच्या कायद्याने चालणाऱ्या जुन्या विद्यापीठाला नाही. एकाच गावातल्या दोन कॅम्पसवर एकाच दर्जाच्या माणसाची किंमत वेगळी. परदेशी संशोधक सर्वात जास्त ज्या जुन्या विद्यापीठात येत आले, त्यालाच हा फटका बसावा हे मला आजही पटत नाही.

वाट निघाली ती संशोधन व्हिसाची. त्याला पगाराची अट नव्हती, मात्र विषय संवेदनशील वाटला किंवा प्रवासात परदेशी लोकांना परवानगीशिवाय बंद असलेलं मर्यादित क्षेत्र आलं की दिल्लीची आगाऊ मंजुरी लागायची. कच्छमध्ये उत्खननाच्या जागा बघायच्या असणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना हे चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे निमंत्रणपत्रात ‘नेमणूक’ हा शब्द चुकूनही येऊ नये, ‘मानधन’ असेल तर तसंच लिहावं, आणि व्हिसा पर्यटकाचा घेऊन येऊ नये, कारण तो इथे आल्यावर बदलून मिळत नाही, हे विभागप्रमुखांना बजावणं हा कक्षाचा रोजचा उद्योग झाला. त्याच सुमारास, मुंबई हल्ल्याच्या तपासानंतर, पर्यटक व्हिसावर परत येण्याआधी दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं झालं होतं. २०१२ च्या अखेरीस ते बहुतेकांसाठी उठलं.

२०१५ मध्ये ‘ग्यान’ योजना आली. परदेशी प्राध्यापक येऊन छोटा अभ्यासक्रम शिकवणार, १२ ते १४ तासांना ८,००० डॉलरपर्यंत मानधन. त्यांना पुढे ई-व्यवसाय व्हिसावर येण्याची मुभा मिळाली. गणित शिकवायला आलेला माणूस कागदोपत्री व्यवसायाला आलेला. शब्दाने कितीही खटकलं तरी सोय झाली, हे मान्य करायला हवं.

२०१८ मध्ये ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची ऑनलाइन व्यवस्था, सुरू झाली आणि नोंदणी, मुदतवाढ, पत्ताबदल, देश सोडण्याची परवानगी ही कामं घरबसल्या होऊ लागली. फेऱ्या घटल्या, पण अपलोड केलेला एक कागद अपुरा निघाला की आता बोलायला समोर कोणी नसतं. पासपोर्टवर एकच नाव असलेला इंडोनेशियाचा माणूस आडनावाच्या रकान्यात काय लिहिणार, हा प्रश्न पूर्वी टेबलापलीकडचे हवालदारसाहेब दोन मिनिटांत सोडवत असत. मार्च २०२० मध्ये बहुतेक व्हिसा स्थगित झाले आणि पाठोपाठ विमानंही बंद झाली, तेव्हा मात्र याच ऑनलाइन व्यवस्थेने अडकलेल्यांना विनाशुल्क मुदतवाढ दिली.

२०२१ हे वर्ष वादाचं. जानेवारीत असा आदेश निघाला की ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदेलाही सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी. व्हिसाचा संबंध नसलेला, आपल्या घरून बोलणारा शास्त्रज्ञही परवानगीच्या फायलीत आला. देशभरातल्या वैज्ञानिकांनी विरोध केला आणि फेब्रुवारीत तो मागे घेतला गेला. पण ४ मार्चला आलेली ओसीआय कार्डधारकांची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, अधिसूचना राहिली. संशोधन करायचं तर त्यांनाही विशेष परवानगी. बडोद्याला याची झळ जास्त, कारण इथे येणाऱ्या परदेशी शास्त्रज्ञांत इथलेच बरेच असतात. दांडिया बाजारात वाढलेला, आज अमेरिकी पासपोर्टवर असलेला मुलगा गणपतीला आईकडे येतो आणि संध्याकाळी जुन्या विभागात जाऊन सरांबरोबर दोन तास नमुने बघतो. हे संशोधन की भेट? शब्द अधिसूचनेत आहे, त्याची व्याख्या नाही. आम्ही अशांना अर्ज करून ठेवायला सांगतो. काहींना ते मनाला लागतं. एकाने मला विचारलं होतं, “ताई, माझी डिग्री इथलीच आहे ना?”

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा आव्रजन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० असे चार कायदे त्याने एकत्र गुंडाळले. राहण्याची जागा देणारे, विद्यापीठं आणि रुग्णालयं यांच्यावरची माहिती देण्याची जबाबदारी आता कायद्याच्या मूळ कलमांतच आहे. आमच्या कक्षातला माहितीचा कागद त्यानंतर पुन्हा छापला. पूर्वी तो ‘आल्यावर काय करावे’ इथून सुरू व्हायचा. आता पहिली ओळ विभागांसाठी आहे: निमंत्रण पाठवण्याआधी पाहुणा इथे नेमकं काय करणार, किती दिवस, कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या घरी राहून, हे आम्हाला कळवा.