मुरुमांच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आलं कुठून?

मेडिकलमध्ये जाऊन ‘मुरुमांवर काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर जी ट्यूब येते, तिच्यात स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारं तीव्र औषध, असू शकतं, हे आता बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं आहे. ते तिथे पोचलं कसं, आणि कायदा असूनही इतकी वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकलं कसं गेलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जुन्या काळाचं थोडक्यात सांगायचं तर सुश्रुतसंहितेत ‘मुखदूषिका’ या नावाने तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांचं वर्णन आहे. आयुर्वेदात त्यावर लोध्र, धणे, वेखंड यांचा लेप सांगितला आहे. पाश्चात्त्य वैद्यकात गंधक आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड होतं, १९३०च्या दशकात बेंझॉइल पेरॉक्साइडच्या वापराची नोंद झाली, पुढे टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविकं आली. खरा पालट झाला तो ‘अ’ जीवनसत्त्वापासून काढलेल्या औषधांनी. ट्रेटिनॉइन हे लावायचं औषध अमेरिकेत १९७१मध्ये मान्य झालं, आणि आयसोट्रेटिनॉइनची गोळी १९८२मध्ये. ही गोळी हट्टी, खड्डे पाडणारे मुरुमही बरे करते. पण गर्भावर तिचा परिणाम इतका गंभीर आहे की स्त्रियांना गर्भचाचणी आणि संततिनियमनाशिवाय ती देऊच नये, असा दंडक आहे.

आपल्या विषयाची सुरुवात १९७५मध्ये होते. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने सहकाऱ्यासोबत चेहऱ्यावरचे काळे डाग घालवण्याचं तिहेरी मिश्रण प्रसिद्ध केलं. त्यात हायड्रोक्विनोन रंग उतरवतं, ट्रेटिनॉइन कातडीचा थर झपाट्याने पालटतं आणि या दोघांमुळे होणारी जळजळ स्टेरॉइड शमवतं. स्टेरॉइडचं काम साहाय्यकाचं होतं. पुढे या मिश्रणाचा सौम्य अवतार अमेरिकेत मान्य झाला, तोही वांगाच्या डागांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठ आठवड्यांच्या मर्यादेत. भारतात गोरेपणाचं सर्वांत प्रसिद्ध क्रीमही १९७५मध्येच बाजारात आलं होतं. रंग उजळण्याच्या त्या तयार बाजारपेठेत मोमेटासोन हे स्टेरॉइड घातलेलं तिहेरी क्रीम पुढे शिरलं. डागांवर चालतं ते मुरुमांवरही चालेल, असं दुकानदाराने सांगितलं, गिऱ्हाइकाने मानलं, आणि आठ आठवड्यांची मर्यादा वाटेतच गळून पडली.

पहिल्या तीन-चार दिवसांत चेहरा खरंच सुधारतो. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, लाली उतरते, सूज बसते, रंगही थोडा फिका दिसतो. मैत्रिणीला, मावसबहिणीला तीच ट्यूब सुचवली जाते ती याच दिवसांत. काही आठवड्यांनी एकाच आकाराच्या, एकसारख्या लाल पुळ्या उठू लागतात. कातडी पातळ होऊन गालांवर तांबड्या शिरांची जाळी दिसते, हनुवटीवर लव वाढते. घाबरून क्रीम बंद केलं की दोन दिवसांत चेहरा भाजल्यासारखा लालबुंद होतो, म्हणून ते पुन्हा लावलं जातं. मुरुमांवर आणलेली ट्यूब स्वतःच मुरुम आणते आणि स्वतःला सोडूही देत नाही.

२०११मध्ये देशभरातल्या बारा त्वचारोग केंद्रांतल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या १२६ जणांसाठी ते गोरेपणाचं, रोजच्या वापराचं किंवा दाढीनंतर लावायचं क्रीम होतं, १०४ जण ते मुरुमांवर लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. दुष्परिणाम ३९२ जणांत दिसले आणि त्यांत पहिला क्रमांक मुरुमांचाच होता. तीव्र स्टेरॉइडचा वापर शहरांपेक्षा ग्रामीण आणि शहरालगतच्या भागात जास्त होता, हे मला त्या पाहणीतलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण वाटतं.

आता कायदा. १९४५च्या औषध नियमावलीत ‘शेड्यूल एच’ ही चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी आहे. स्टेरॉइडं तिच्यात होती. पण यादीच्या शेवटी एक टीप होती. यादीतल्या औषधांपासून बनवलेली, पण बाहेरून लावायची उत्पादनं या बंधनातून वगळली होती, फक्त डोळ्यांची आणि नाक-कानाची औषधं सोडून. बाहेरून लावलेलं औषध अंगात फार भिनत नाही, हा त्यामागचा तर्क साध्या मलमाच्या बाबतीत पटण्यासारखा आहे. क्लोबेटासोलसारख्या, सर्वांत तीव्र गटातल्या स्टेरॉइडला मात्र तो कधीच लागू नव्हता, कारण त्याचं नुकसान तिथेच, कातडीवर होतं. म्हणजे गोळी घेतली तर चिठ्ठी हवी, आणि त्याच कुळातलं औषध गालावर महिनोन् महिने चोळलं तर कुणी विचारणार नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली ही टीप आहे. कंपन्या आणि दुकानदार यांना दोष द्यायला जागा आहेच, पण त्यांना दार उघडं ठेवलं होतं नियमाने.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, मग न्यायालयाचा रस्ता धरला. विरोधी बाजूचा मुद्दाही होता. तालुक्याच्या गावात त्वचारोगतज्ज्ञ नसतो किंवा आठवड्यातून एकदा येतो, मग नायट्याच्या रुग्णाने साध्या मलमासाठी शहर गाठायचं का? नुसत्या बुरशीनाशक मलमापुरता हा प्रश्न रास्त आहे. पण प्रत्यक्षात खपत होतं ते बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र कालवलेलं क्रीम, आणि गरीब रुग्णाचं नाव पुढे करून त्याचा बचाव चालला होता.

मार्च २०१८च्या अधिसूचनेने नावानिशी निवडलेल्या १४ स्टेरॉइडांची ही सवलत काढून घेतली. बातम्यांत ‘१४ क्रीमवर बंदी’ असे मथळे झळकले, ते चुकीचे होते. क्रीम बाजारात राहिली, फक्त चिठ्ठी सक्तीची झाली. बंदीचा मामला वेगळा होता. मार्च २०१६मध्ये सरकारने ३४४ मिश्र औषधांवर, म्हणजे एकाहून अधिक औषधं कालवलेल्या उत्पादनांवर, बंदी घातली, त्यांत अशी बरीच त्वचेची क्रीम होती. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ मंडळाकडून फेरतपासणी मागवली आणि सप्टेंबर २०१८मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. चिठ्ठीची सक्ती आणि मिश्रणांवरची बंदी यांची इतकी गल्लत झाली की अजूनही अनेक दुकानदार ‘ते तर परत सुरू झालं’ असं छातीठोकपणे सांगतात. त्यात एक घटक बदलून जुन्याच ब्रँडच्या नावाने नवं मिश्रण विकण्याची आपल्याकडची रीत. गिऱ्हाईक नाव ओळखतं, आतलं औषध ओळखत नाही.

गेल्या काही वर्षांत तरुण पिढी नियासिनामाइड, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, अ‍ॅडापॅलीन ही नावं तोंडपाठ म्हणते. अ‍ॅडापॅलीनचं ०.१ टक्क्याचं जेल अमेरिकेत २०१६पासून विनाचिठ्ठी मिळतं. ज्या जिवाणूला मुरुमांसाठी जबाबदार धरलं जातं त्याचं शास्त्रीय नावही २०१६मध्ये बदललं. नुसतं क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक लावत राहिलं तर हा जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो, म्हणून त्यासोबत बेंझॉइल पेरॉक्साइड देण्याची पद्धत रुळली. मार्च २०२४मध्ये एका खासगी अमेरिकी प्रयोगशाळेने या पेरॉक्साइडपासून उष्णतेत बेंझीन हे कर्करोगकारक रसायन तयार होतं असा इशारा दिला. वर्षभराने तिथल्या नियामकाने ९५ उत्पादनं तपासली. ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळलं नाही किंवा नगण्य आढळलं, मोजकीच परत मागवली गेली. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे जेल गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नये, इतकं त्यातून घेण्यासारखं आहे.

स्टेरॉइडच्या ट्यूबवर घटकांची नावं आजही बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतात. बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही नेहमी भेटणारी पाच. यांतलं एखादं नाव चेहऱ्याच्या क्रीमवर दिसलं आणि ते महिनोन् महिने रोज लावलं जात असेल, तर ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. त्वचारोगतज्ज्ञ ते सौम्य औषधावर आणत, दिवस वाढवत सोडवतात. त्याला काही महिने लागतात, आणि मधल्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो हे ते आधीच सांगून ठेवतात.