इंटेलच्या लॅपटॉपवर ‘एएमडी६४’ कुठून आलं?

नागपूरच्या बर्डीवरून जुना लॅपटॉप आणून त्यावर पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मशीन इंटेलचं, मग इन्स्टॉलरच्या फाइलच्या नावात ‘एएमडी६४’ कशाला? ती फाइल डिलीट करून ‘आयए६४’ शोधत बसलेला एक पठ्ठ्या मी पाहिलाय. चूक झाली ती तिथे.

‘आयए६४’ म्हणजे इंटेलचा इटॅनियम, पीसीतल्या जुन्या एक्स८६ प्रोसेसर-घराण्याशी फारकत घेऊन काढलेला वेगळाच प्रोसेसर. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीने जुन्या एक्स८६लाच ६४ बिटपर्यंत ताणलं आणि एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला. लोकांना हेच सोयीचं वाटलं. २००४ मध्ये इंटेलनेही जवळपास तोच सूचनासंच (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच) आपल्या चिपमध्ये घेतला. डेबियन या लिनक्सने वाट काढणाऱ्याचं नाव कायम ठेवलं, रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या गोतावळ्यात ‘एक्स८६_६४’ रूढ झालं. दोन्ही एकच.

फाइलवर प्रोसेसरच्या प्रकाराची, म्हणजे आर्किटेक्चरची, ही चिठ्ठी लावायची गरज मात्र आधीचीच. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनची २.० आवृत्ती जुलै १९९८ मध्ये आली आणि ३२ बिट एक्स८६च्या ‘आय३८६’च्या जोडीला मोटोरोलाची ६८००० मालिका, म्हणजे अमिगा, अटारी वगैरे मशिनं, पहिल्यांदा अधिकृत झाली. सोर्स (माणसाने लिहिलेला कोड) एक, बायनरी (प्रोसेसरला कळणारं रूप) दोन. २००२ च्या ३.० मध्ये आर्किटेक्चर ११ झाली. एवढी यंत्रं एका माणसाच्या टेबलावर कुठून असणार? म्हणून प्रत्येक आर्किटेक्चरसाठी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमच्या बसवायला तयार फाइली, आपोआप बांधणारी मशिनं लावली गेली. फॉन्ट, स्क्रिप्ट, कागदपत्रं यांना प्रोसेसरशी देणंघेणं नाही, त्यांच्यावर ‘ऑल’ लिहितात, रेड हॅटच्या आरपीएम पॅकेजांत ‘नोआर्क’.

बाकी काम साधं आहे. भांडारात प्रत्येक आर्किटेक्चरची वेगळी यादी असते, पॅकेजं आणणारं एपीटी आपल्या कामाची तेवढी उतरवून घेतं. आणि ती बसवणारं डीपीकेजी प्रोसेसरला काही विचारत नाही. तुम्ही कोणती सिस्टिम बसवली, तेवढंच त्याला माहीत. माझ्या गच्चीवर मे महिन्याचं ऊन मोजणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या, आर्म प्रोसेसरच्या संगणकावर कर्नल (सिस्टिमचा गाभा) ‘एआर्च६४’ सांगतो, डीपीकेजी ‘आर्मएचएफ’ सांगतं. दोघंही खरं बोलतात: कर्नल ६४ बिटचा, वरची सगळी पॅकेजं ३२ बिटची.

चिठ्ठीने खरा घोळ घातला तो या पायमुळेच. २०१२ चा पहिला पाय आर्मच्या जुन्या आर्मव्ही६ पिढीवर चालायचा, तर डेबियनचं ‘आर्मएचएफ’ पुढची आर्मव्ही७ गृहीत धरून बांधलेलं. स्वयंसेवकांनी हजारो पॅकेजं व्ही६ साठी नव्याने बांधली आणि पायसाठीचं रास्पबियन उभं राहिलं, पण नाव ‘आर्मएचएफ’च राहिलं! डेबियनचं पॅकेज त्या पायवर टाकलं तर डीपीकेजी हूं की चूं न करता बसवून घेतं. प्रोग्रॅम ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो तो चालवल्यावर.

६४ बिटवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवायचे, तर रेड हॅटने लायब्ररींसाठी (अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक कोडसाठी) ‘लिब’ आणि ‘लिब६४’ अशा दोन डिरेक्टरींची घरं केली. डेबियनने ३२ बिट लायब्ररींचं ‘आयए३२-लिब्ज’ नावाचं एक गाठोडंच बांधलं. त्यातल्या एका लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती आली, की अख्खं गाठोडं पुन्हा बांधा. ते सुटलं मल्टिआर्कने: प्रत्येक आर्किटेक्चरच्या लायब्ररीला तिच्या नावाची डिरेक्टरी. डेबियनवर बेतलेल्या उबुंटूत ते २०११ मध्ये दिसू लागलं, डेबियन ७ मध्ये मे २०१३ ला. अट एकच: एकाच लायब्ररीच्या दोन्ही प्रतींची आवृत्ती तंतोतंत सारखी हवी. एक पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली, की एपीटी अडून बसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं. रिस्क-व्ही हे आणखी एक आर्किटेक्चर अधिकृत झालं, आणि ‘आय३८६’ची पॅकेजं उरली ती ६४ बिटच्या घरात भाडेकरू म्हणून, जुने ३२ बिट प्रोग्रॅम चालवण्यापुरती. इन्स्टॉलर नाही, कर्नल नाही. बर्डीच्या दुकानांत कोपऱ्यात पडलेल्या ३२ बिटच्या पेंटियम ४ वर ते चढणार नाही.