ब्लूग्रासची जन्मतारीख

अमेरिकेत नॅशव्हिलला तीन-चार दिवस जायचं तर एक संध्याकाळ स्टेशन इन ह्या छोट्या क्लबात ब्लूग्रास (बँजो, फिडल, मँडोलिनवालं अमेरिकन संगीत) ऐकायला ठेवायची, हे आता बहुतेकांना माहितीये, म्हणून तिकीट-पार्किंग वगैरे सांगत बसत नाही. पण त्याच दिवशी दुपारी रायमन ह्या जुन्या सभागृहाला चक्कर मारलीत तर बाहेर एक पाटी दिसेल, ‘ब्लूग्रासचं जन्मस्थान’, आणि त्यावर चक्क डिसेंबर १९४५. आता संगीताला जन्मतारीख कशी काय असते बुवा, तर सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

जुना भाग पटकन उरकतो. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या लोकांबरोबर अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरात पोचलं, बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचा (आपल्या मिरवणुकीतला बँजो वेगळा हां, तो बटणांचा, जपानी ताइशोगोतोच्या कुळातला, नाव तेवढं सारखं), त्यात ब्लूज आणि चर्चमधली गाणी मिसळली.

खरा गुंता नावाचा आहे. केंटकीच्या एका मँडोलिनवाल्याने १९३० च्या दशकाच्या शेवटी बँड काढला, नाव ब्लू ग्रास बॉईज, कारण केंटकीचं टोपणनाव ब्लूग्रास स्टेट. हे ब्लूग्रास नावाचं गवत हिरवंच असतं, आणि ते मूळचं युरोपातलं. वर गंमत म्हणजे ते गवत, घोड्यांचे फार्म वगैरे सगळं लेक्सिंग्टनच्या आसपास, आणि ह्या बाबाचं गाव रोझीन पार पश्चिमेला, त्या पट्ट्यात येतच नाही! आणि ह्या प्रकाराला लोक ‘ब्लूग्रास’ म्हणायला लागले ते १९५० च्या दशकात. म्हणजे १९४५ मध्ये रायमनला बसलेल्या एकालाही आपण ब्लूग्रास ऐकतोय हे माहीत नव्हतं.

एक गट म्हणतो जन्म १९३९ चा, कारण त्या ऑक्टोबरात हा बँड नॅशव्हिलच्या शनिवारच्या रेडिओ शोवर (ग्रँड ओल ऑप्री, तो पुढे रायमनमध्ये व्हायला लागला) आला. दुसरा गट म्हणतो डिसेंबर १९४५, कारण तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाचा २१ वर्षांचा पोरगा बँडमध्ये आला आणि तीन बोटांनी बँजो असा काही वाजवायला लागला की सूर सरीसारखे कोसळायचे. बँजो बँडमध्ये आधीही होता, पण असा नव्हता. मी सरळ १९४५ वाला आहे, १९३९ चं रेकॉर्डिंग आणि १९४६ चं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकलं की वाद संपतो, निदान माझा तरी संपला.

पण पाटीवाल्यांची एक अडचण आहे. त्या डिसेंबरात बँडमध्ये अ‍ॅकॉर्डियन होता, जो आता ब्लूग्रासमध्ये चालत नाही, आणि तो एक बाई वाजवायच्या. १९४५ च्याच फेब्रुवारीतल्या रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकूही येतो. १९४६ मध्ये त्या गेल्या, सप्टेंबरचं गाजलेलं रेकॉर्डिंग त्यांच्याशिवाय झालं, आणि मग ‘मूळचे पाच’ म्हणून पाच पुरुषच मोजायची पद्धत पडली. ड्रम चालत नाही, इलेक्ट्रिक बेस चालत नाही असं जे कर्मठ लोक सांगतात ना, त्यांच्यासमोर हा अ‍ॅकॉर्डियन काढावा. आपल्याकडे रेडिओवर पेटीला बंदी होती तसलाच सोवळेपणा.

१९४८ मध्ये तो बँजोवाला आणि बँडमधलाच गिटारवाला दोघं बाहेर पडले आणि स्वतःचा बँड केला, व्हर्जिनियाच्या दोन भावांनी हाच आवाज उचलला, मँडोलिनवाला भडकला. पण खरं सांगायचं तर ह्या उचलाउचलीमुळेच एका बँडचं नाव अख्ख्या प्रकाराला चिकटलं, एकटाच वाजवत असता तर वेगळं नाव लागलंच नसतं.

पुढचं भराभर. १९६५ ला व्हर्जिनियात फिनकॅसलला पहिला तीन दिवसांचा फेस्टिव्हल, सत्तरच्या दशकात लांब केसवाली पोरं आणि न्यूग्रास, म्हणजे रॉक वगैरे मिसळलेलं ब्लूग्रास. मार्च १९७४ मध्ये रेडिओ शो रायमन सोडून शहराबाहेरच्या नव्या हॉलमध्ये गेला, आणि त्याच वर्षी काही वादकांनी मिळून स्टेशन इन सुरू केलं, १९७८ पासून ते गल्च भागातल्या आत्ताच्या बसक्या इमारतीत आहे. रायमन जवळपास वीस वर्षं धूळ खात पडलं, पाडायचंही चाललं होतं, १९९४ ला दुरुस्त होऊन उघडलं. मग २००० साली आलेल्या एका सिनेमाच्या गाण्यांना २००२ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, आणि टुरिस्ट लोंढ्याने यायला लागले. गल्चमध्ये आता चहूबाजूंनी टॉवर.

मी गेलो त्या रात्री एकाच माइकभोवती पाचजण, सोलो आला की एक पुढे सरकणार, बाकीचे वाट देणार, धक्का कुणालाच नाही. अ‍ॅकॉर्डियन अर्थात नव्हता.