ते लग्न झालंच नव्हतं!

अमेरिकेतल्या खासगीपणाच्या कायद्याची जन्मकथा अशी सांगतात: बोस्टनचे वकील सॅम्युअल वॉरन यांच्या मुलीच्या लग्नाच्या चटकदार बातम्या वर्तमानपत्रांनी छापल्या, वॉरन भडकले आणि मित्र लुईस ब्रँडाइस यांच्यासह त्यांनी १८९०च्या डिसेंबरात हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला.

गोष्ट झकास आहे, पण हिशेब जुळत नाही. वॉरन यांचंच लग्न १८८३ सालचं. म्हणजे लेख आला तेव्हा लेक फार तर सहा-सात वर्षांची! ही कथा पसरली ती विल्यम प्रॉसर यांच्या १९६०च्या लेखामुळे. एवढ्या मोठ्या कायदेपंडिताचं वाक्य तपासणार कोण?

वॉरन यांची पत्नी सिनेटर बेयर्ड यांची कन्या, त्यामुळे वॉरन यांच्या सासुरवाडीच्या बातम्या पेपरात येत, हे खरं. पण लेखाचा रोख होता झटपट फोटो काढणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांवर आणि खासगी गोष्टी चव्हाट्यावर आणणाऱ्या पत्रकारितेवर.

लेख आला आणि कायदा झाला, असंही नाही. पिठाच्या जाहिरातीत परवानगीविना फोटो छापलेल्या तरुणीचा दावा न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने १९०२मध्ये फेटाळला. लोक संतापले, तेव्हा कुठे १९०३मध्ये तिथे कायदा झाला. जॉर्जियाच्या न्यायालयाने मात्र १९०५मध्ये हा हक्क स्वतःहून मान्य केला.