जुन्या बुटांचं चामडं: काय परत येतं आणि काय येत नाही

जुलैच्या शेवटी बेळगावात कपाट उघडलं की जुन्या काळ्या बुटांवर पांढरा थर दिसतो. घरात सगळ्यांचं एकच निदान असतं, बुरशी. बूट फडक्यानं पुसायचे आणि पुन्हा आत ठेवायचे. बहुतेक वेळा ती बुरशी असतेही, पण दर वेळी नाही. केस वाळवायचा ड्रायर कमी उष्णतेवर लावून त्या थरावर थोडा वेळ धरून बघा. थर वितळून चामड्यात जिरला तर ती चरबी होती. तसाच राहिला तर बुरशी.

चामडं तयार करताना त्यात तेलं आणि चरबी घालतात. वर्षं गेली की त्यातली स्टिअरिक, पामिटिक यांसारखी मेदाम्लं मोकळी होतात, छिद्रांतून वर येतात आणि हवा थोडी गार झाली की पृष्ठभागावर गोठतात. दिसायला दोन्ही थर सारखेच, उपाय मात्र वेगळे. चरबी कोमट फडक्यानं पुसली की काम झालं. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडायची, मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटचा हलका हात फिरवायचा. स्पिरिटनं काही बुटांचा रंगही उतरतो, म्हणून आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघावं. जुने फॉर्मल बूट माळ्यावरून, ट्रंकेतून किंवा भंगाराच्या ढिगातून काढून पुन्हा घालण्याजोगे करायचा छंद ज्यांना आहे, त्यांचं निम्मं काम हे असं निदानाचंच असतं. पॉलिश फार पुढची गोष्ट.

चामडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन. हे प्रथिन तीन साखळ्यांच्या पिळाचं असतं. एक रेणू सुमारे 300 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. असे असंख्य रेणू जुळून बारीक तंतू होतात, तंतूंचे जुडगे होतात आणि ते जुडगे सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंततात. चामडं कुठल्याही बाजूला सहज फाटत नाही ते या गुंत्यामुळे. ओलं कच्चं कातडं 60 ते 65 अंश सेल्सिअसला आकसून जिलेटिन व्हायला लागतं आणि तसंच पडून राहिलं तर कुजतं. कमावणं म्हणजे या तंतूंमध्ये रासायनिक टाके घालणं.

हे टाके कसे घालतात ते आपल्या भागाला नवीन नाही. अथणी, निपाणी, चिकोडी पट्ट्यातलं पायताणाचं चामडं परंपरेनं हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात कमावलेलं. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात हे पाणी भरून टांगून ठेवायचं आणि ते आतून झिरपू द्यायचं. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आले. कर्नाटकाच्या बाजूला बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर. सीमेचा वाद कोर्टात असला तरी चपलेनं आपल्यापुरता तो मिटवून टाकलेला आहे.

झाडाच्या टॅनिननं, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्यानं, कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण 70 ते 85 अंशांपर्यंत टिकतं. फॉर्मल बुटाचा वरचा भाग मात्र बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला असतो. या पद्धतीचं पेटंट ऑगस्टस शुल्त्झनं अमेरिकेत 1884 मध्ये घेतलं आणि पुढच्या काही दशकांत बुटांचा धंदाच बदलला. चांगलं क्रोम चामडं उकळत्या पाण्यातही आकसत नाही. जुन्या बुटाचा तळ आणि आतला सोल बहुधा झाडपाल्याचा, वरचं अंग क्रोमचं. एकाच बुटात दोन प्रकारची रसायनं नांदत असतात आणि ती वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हातारी होतात. पावसात भिजलेला बूट चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवला की वरचं अंग तगतं, पण आतला सोल आकसून वेडावाकडा होतो, त्याचं कारण हे. भिजल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन-तीन वेळा बदलायचे आणि पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळू द्यायचं. त्याहून बरा उपाय नाही.

आता तेलाचं बघू. जास्तीत जास्त जुने बूट याच पायरीवर बिघडतात, आणि तेही मायेपोटी.

चामड्याच्या तंतूंमध्ये पाणी आणि चरबी दोन्ही लागतात. नेहमीच्या हवेत चांगल्या चामड्याच्या वजनात सुमारे 14 टक्के पाणी असतं. चरबीचं काम तंतूंना एकमेकांना चिकटू न देणं. भात शिजताना चमचाभर तेल सोडलं की शितं मोकळी राहतात, तसंच. ही चरबी झडली आणि पाणीही उडालं की शेजारचे तंतू एकमेकांना घट्ट धरतात. मग पाऊल वाकलं की तंतू सरकत नाहीत, तुटतात. बोटांच्या मागे, जिथं बूट रोज वाकतो, तिथं आधी बारीक रेघा आणि मग भेगा पडतात त्या अशा.

तेव्हा तेल लावावं हे खरं. कुठलं, हा प्रश्न आहे. स्वयंपाकघरात आहे तेच चोळून मोकळं व्हायचा मोह होतो. पण तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी सारखी वागत नाहीत. तेलाच्या रेणूत दुहेरी बंध जितके जास्त तितकं ते हवेत लवकर घट्ट होतं. हे मोजायला रसायनशास्त्रात आयोडीन मूल्य असा आकडा वापरतात. जवसाच्या तेलाचा आकडा 170 ते 200 आहे. ते सुकून कडक पापुद्रा होतं, आणि तैलरंगात ते याच गुणासाठी वापरतात. करडई 140 च्या आसपास. विजयपूर-बागलकोटकडे करडई भरपूर पिकते, पण तिचं तेल बुटाला नको. काही महिन्यांत ते चिकट होतं, धूळ धरतं आणि तंतू जखडून टाकतं. शेंगतेल 85 ते 105 च्या घरात. ते वाळत नाही, पण खवट होतं, आणि तो वास उन्हाळ्यात बुटातून जाता जात नाही. खोबरेल तेलाचा आकडा 10 च्या आतबाहेर, म्हणजे या परीक्षेत ते पहिल्या नंबरानं पास. पण ते 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात बेळगावात बाटलीतलं खोबरेल पांढरं दगड होतं, तसंच ते बुटातही गोठून पृष्ठभागावर पांढरं दिसू शकतं. एरंडेल सुकत नाही, फार दाट असल्यामुळे आत सावकाश जातं, पण पायताणाच्या जाड चामड्याला चालतं.

बुटांच्या कंडिशनरमध्ये परंपरेनं वापरलं जाणारं एक तेल गुरांच्या नडगीच्या आणि खुरांच्या हाडांतून काढलेलं असतं. त्यामागचं शरीरशास्त्र मजेदार आहे. गुरांचे पाय धडापेक्षा गार राहतात. पोटाजवळची चरबी पायात असती तर थंडीत गोठली असती. म्हणून पायाकडच्या चरबीत ओलिक आम्लासारखी पातळ राहणारी आम्लं जास्त असतात. त्यामुळे हे तेल गारठ्यातही वाहतं, आणि आयोडीन मूल्य 70 च्या आसपास असल्यानं सुकून कडकही होत नाही. ज्यांना ते धार्मिक किंवा इतर कारणांनी नको असेल त्यांना मधमाशीचं मेण असलेलं साधं कंडिशनर पुरतं.

आणि ते थोडंच लावायचं. बोटाला लागेल इतकं, ब्रशनं पसरून, एक रात्र मुरू द्यायचं. बूट तेलात बुडवणाऱ्यांना वाटतं की आपण त्याला जगवतोय. खरं तर जादा तेलानं चामडं ढिलं पडतं, आकार सोडतं आणि पुढे वर्षानुवर्षं तो पांढरा थर वर पाठवत राहतं.

आपल्या जिल्ह्यात या सगळ्याला हवामानाची फोडणी आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात घरातही दमट हवा कोंडलेली असते. बुरशीला साधारण 70 टक्क्यांवरची आर्द्रता मानवते, आणि जुलै-ऑगस्टात ती तिकडे सहज त्यावर असते. पूर्वेला अथणीकडे गेलं की पाऊस निम्म्याहूनही कमी होतो आणि एप्रिल-मेमध्ये हवा तापून कोरडी पडते. त्यामुळे खानापूरच्या ट्रंकेतला जोड बहुधा बुरशीनं डागाळलेला मिळतो आणि अथणीच्या माळ्यावरचा भेगाळलेला. दोन्हींतून निवडायची वेळ आली तर मी डोळे झाकून डागाळलेला घेईन. डाग निघतात, तुटलेला तंतू सांधत नाही.

भेग बुजवायला अ‍ॅक्रिलिकची लुकण मिळते. तिनं भेग झाकली जाते, जोडली जात नाही. वाकण्याच्या जागी लुकण भरली तर काही दिवसांत तिथंच पुन्हा चीर दिसते. बूट विकत घेताना बोटांमागची घडी अंगठ्यानं उलट बाजूला हलकेच ताणून बघावी. भेगेच्या तळाशी वेगळ्या रंगाचे, पिंजलेले तंतू दिसले तर जोड राहू द्यावा. नुसत्या रेघा असतील तर घ्यायला हरकत नाही.

झाडपाल्यानं कमावलेल्या चामड्याचा एक असाध्य रोगही ओळखून ठेवावा. बोट फिरवलं की लालसर-तपकिरी भुकटी हाताला लागते. हवेतल्या गंधकाच्या वायूंपासून आम्ल तयार होतं आणि ते कोलॅजनच्या साखळ्या तोडत जातं. लंडनच्या क्लबात गॅसच्या दिव्यांखाली ठेवलेल्या चामडी खुर्च्या का झडतात, याचा शोध 1840 च्या दशकात मायकेल फॅरडेनं घेतला होता, आणि त्याचा संशय दिव्यांच्या धुरातल्या गंधकावरच गेला. जुन्या पुस्तकांच्या बांधणीत हा रोग सर्रास दिसतो, बुटांत कमी. दिसला तर तेल, पॉलिश काही लावू नये. ओलाव्यानं ते चामडं काळं पडून अधिकच कडक होतं.

दुसरा धोका चामड्याचा नाहीच. काही बुटांना पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे हलके सोल असतात. त्यातल्या एका प्रकारात रेणू जोडून ठेवणारे एस्टर नावाचे बंध हवेतल्या दमटपणानं तुटतात. लग्नात एकदाच घातलेला जोड दहा वर्षांनी खोक्यातून काढावा, वरचं चामडं नवं कोरं असावं आणि चार पावलांत सोलचे तुकडे रस्त्यावर पडावेत, हे कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेकांनी अनुभवलंय. त्यात दुरुस्तीला काही उरत नाही, सोलच बदलावा लागतो.

साफसफाईबद्दल एवढंच सांगतो की तयार चामडं आम्लधर्मी असतं, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, 7 च्या खाली आम्ल आणि वर अल्क) 3.5 ते 5 च्या दरम्यान. अंगाचा किंवा कपड्याचा साबण 9-10 च्या घरात. घासून धुतलं की टॅनिन आणि तेल दोन्ही सुटतात. ओलसर फडकं पुरे. वर्षानुवर्षांच्या पॉलिशचे थर काढायला टर्पेंटाईन चालतं, कारण मेण त्यात विरघळतं. खानापूरकडची जांभ्याची लाल धूळ मात्र आधी ब्रशनं झाडून काढावी. त्या कणांसकट फडकं फिरवलं की बूट घासला जातो.

चमक हे आपल्या शहरात शिकवायची गरज नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, आणि गावोगावी परेडचे बूट आरशासारखे करणारे निवृत्त जवान भेटतात. त्यांच्या हातातली कला म्हणजे शुद्ध प्रकाशशास्त्र आहे. चामड्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून प्रकाश सगळीकडे विखुरतो. मेणाचे पातळ थर एकावर एक चढवून ते खाचखळगे भरले आणि उरलेली असमानता प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरच्या, बरीच खाली आली की किरण एकाच कोनातून परततात आणि बुटात तोंड दिसतं. पॉलिशमध्ये कार्नोबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण असतं. ते 82 ते 86 अंशांना वितळतं, मधमाशीचं मेण 62 ते 64 ला. पहिलं कडकपणा देतं, दुसरं लवचिकपणा. वर पाण्याचा थेंब सोडतात तो फडकं मेणाला चिकटून थर ओरबाडला जाऊ नये म्हणून. थुंकीच हवी असं काही नाही. ही आरशाची चमक फक्त टोकाला आणि टाचेला द्यायची. ते भाग आतून कडक असतात, वाकत नाहीत. वाकणाऱ्या जागी जाड मेण चढवलं की ते तडकतं आणि बूट होता त्यापेक्षा जुना दिसतो.

राहिला सोल. 1870 च्या आसपास चार्ल्स गुडइयर (धाकटा) याच्या यंत्रांनी बुटाच्या कडेला चामड्याची पट्टी शिवून तिला सोल जोडायची पद्धत कारखान्यात आणली. रबराचं व्हल्कनीकरण शोधणाऱ्या गुडइयरचा हा मुलगा. अशा बुटाचा झिजलेला सोल उसवून नवा शिवता येतो, वरच्या अंगाला हात न लावता. बुटाच्या कडेनं फिरणारी टाक्यांची ओळ खरी आहे का ते बघा. नुसत्या उठावाची नक्षीही असते. आपल्याकडे पायताण शिवणाऱ्या हातांना जाड चामड्यातून आरी घालणं नवं नाही, त्यामुळे "मामा, चिकटवू नका, शिवूनच द्या" एवढं सांगायचं धाडस करा. वेळ लागेल, पैसेही थोडे जास्त पडतील.

आणि खिळ्यांकडे लक्ष द्या. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत खिळा नसतो, सगळं चामड्याच्या वादीनं शिवलेलं. बुटाच्या टाचेत मात्र खिळे लागतात, आणि ते लोखंडी असले तर घामाच्या ओलाव्यात लोखंड टॅनिनशी संयोग पावून निळा-काळा रंग तयार होतो. हिरड्याची जुनी शाई याच रसायनानं व्हायची. लोखंडाचे आयन पुढे त्या जागचं चामडं ठिसूळही करतात. पितळी खिळे मागितले तर काही दुकानांत मिळतात. काळा डाग पडलाच असेल तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणानं उतरतो, पण ते विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर डाग राहू द्या. तो आतल्या बाजूला असतो आणि मोज्याखाली कुणाला दिसत नाही.